हवा खायला

"आई, त्या कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाब आणि आपल्याकडं ओढ," सुहास फोनमधून सांगत होता.

"कुठला कप्पा? कागदं ठेवायचा?"

"तोच. मोडत नाही, दाब."

मी दाबलं. काहीच झालं नाही. त्या वेळी मी यांच्या लाल गाडीत, पाय ठेवायच्या जागेत उताणी पडले होते. डोकं डॅशबोर्डच्या खाली, कंबर दाराच्या उंबऱ्यावर आणि दोन्ही पाय बाहेर पोर्चच्या फरशीवर. पदर कमरेला खोचलेला, फोन सीटवर उशीला टेकवून उभा केलेला. समोरच्या बंगल्यातल्या फुलाक्का गॅलरीत वाळवणाचं निमित्त करून उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळणार होतं की मालनक्का गाडीखाली गेली.

"जोर लाव की. मागाचा दांडा ओढायचीस तसा," हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. बोललात की खोकता."

त्यावर ते खोकलेच. मग सदऱ्याच्या खिशातून दम्याचा पंप काढून त्यांनी दोनदा ओढला आणि गप्प बसले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती गाडी अजून आमच्या पोर्चमध्ये आहे आणि सुहासची मुलगी ती चालवायला मागते. तिनं परवा विचारलं, "आजी, आजोबांनी एवढी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यातून ते जायचे कुठं?" मी म्हणाले, "हवा खायला." खोटं नव्हतं ते. पण सगळं सांगायचं तर मला त्या दुपारपासून सांगायला पाहिजे.

इचलकरंजीत आमचा मागांचा कारखाना होता. फार मोठा नव्हे, पण स्वतःचा. लुंगीचं कापड निघायचं, मोरपंखी चौकड्यांचं. तो मोरपंखी रंग यांनी स्वतः रंगाऱ्याकडं बसून जमवून घेतला होता आणि गावात तसा दुसऱ्या कुणाचा नव्हता. आमचं घर कारखान्याला लागून, मधे एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीपलीकडं माग चालत होते, दिवसा आणि रात्रीही. पहिले काही महिने मला वेड लागायची पाळी आली होती. नंतर सवय झाली. मुलगा त्याच खडखडाटात जन्मला, शिकला आणि इंजिनीअर होऊन पुण्याला गेला.

सुताचा कचरा मात्र यांच्या छातीत बसला. डॉक्टर म्हणाले, बाळण्णा शेठ, फुप्फुसं निम्मी कामातून गेलीत, उरलेली राखायची असतील तर मागांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. सुहासनं मग काही चालू दिलं नाही. कारखाना घरासकट चौगुल्यांच्या पोराला विकला आणि आम्हाला गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत बंगला घेऊन दिला. तिथं एकही माग नव्हता. इतकी शांतता, की रात्री स्वयंपाकघरातला फ्रीज सुरू झाला तरी कळायचं.

आणि कारखाना विकून महिना झाला नसेल तोच यांनी ही गाडी आणली. कोल्हापूरच्या कुठल्याशा बिल्डरची वापरलेली, परदेशी, लालभडक, जमिनीला पोट टेकलेली. आत दोनच सीटा. जन्मभर स्कूटरवर सुताचे गठ्ठे वाहिलेला माणूस, साठी उलटल्यावर असली गाडी घेऊन दारात उभा राहिला. गाव हसलं. सुहास चिडला. मी काहीच म्हणाले नाही, कारण काही म्हणायचं त्राण नव्हतं. त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि उठताना कुणाचा तरी हात मागायचा. माझे गुडघे गेलेले. एकदोनदा बसले आणि पुन्हा म्हणून बसले नाही.

हे मात्र रोज जेवण झालं की गाडी काढायचे. "जरा हवा खाऊन येतो, रामलिंगाच्या डोंगरावर," म्हणायचे. डॉक्टरांनीच मोकळ्या हवेत फिरा म्हणून सांगितलेलं, त्यामुळं मला अडवायला कारण नव्हतं. चहाच्या वेळेला परत यायचे. येताना कोपऱ्यावर थांबून फडक्यानं गाडी पुसून आणायचे, आतून-बाहेरून, पायपुसण्यांसकट. मला वाटायचं, नव्याचे नऊ दिवस.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांतून सुटली नाही. परत यायचे तेव्हा यांचा चेहरा ताजा असायचा आणि गालावर झोपेच्या वळ्या उमटलेल्या असायच्या. घरी रात्रभर कूस बदलणारा माणूस दुपारी कुठंतरी जाऊन गाढ झोपून येत होता. डोंगरावर कोण असं झोपतं?

फुलाक्कांनी एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं होतं, "मालनक्का, दोन शिटांची गाडी हाय. एकावर शेठ. दुसऱ्या शिटावर कोण बसतं, कधी बघितलंस का गं?" आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. पण ते शब्द कुठंतरी रुतून बसले. खरं सांगायचं तर मला रागसुद्धा आला नव्हता. मत्सर करायलाही अंगात बळ लागतं आणि माझ्यात ते उरलं नव्हतं. मी रात्र रात्र जागी असायचे. आधी वाटायचं यांच्या खोकल्यानं जाग येते. मग लक्षात आलं, ज्या रात्री खोकला नसतो त्या रात्रीही मी छताकडं बघत पडलेली असते. अशी वर्षभराची झोप माझ्या डोळ्यांत साठली होती. म्हणून कुणाकडं का होईना, यांना झोप लागते आणि मला लागत नाही, एवढंच वाईट वाटायचं.

आणि त्या महिन्यात यांची छाती पुन्हा बिघडली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "शेठ, पुन्हा मागांकडं जाता काय?" हे म्हणाले, "छे, डोंगरावर जातो." मग सुहासनं शोध लावला की गाडीचा एसी घाण हवा फेकत असणार. एसीच्या वाटेत एक फिल्टर असतो, तो कुणी बदललेलाच नसेल. त्यानं नवा फिल्टर कुरिअरनं पाठवला आणि बजावलं, "आई, मी रविवारी येतोय. फिल्टर बदलूनही बाबांचा खोकला थांबला नाही, तर गाडी विकायची आणि तुम्ही दोघांनी कायमचं पुण्याला यायचं. आणि ते कारखान्याकडं जातात असं मला कळलं, तर रविवारचीही वाट बघणार नाही."

पुणं म्हणजे त्याचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. यांना लिफ्टमध्ये धाप लागायची. तिथं हे फार दिवस काढतील असं मला वाटत नव्हतं. आणि मी तरी तिथं काय करणार होते?

तर, फिल्टर बदलायचा होता आणि यांना वाकलं की श्वास पुरत नव्हता. म्हणून मी गाडीत शिरले होते.

"आई, पुन्हा दाब. दोन्ही बाजू एकदम."

मी दोन्ही तळहातांनी जोर केला आणि अख्खा कप्पा धाडकन खाली लोंबला. गोळ्यांची पाकिटं, सुपारीची डबी आणि यांचा हरवलेला चष्मा माझ्या छातीवर येऊन पडला.

"हा बघा तुमचा चष्मा," मी म्हणाले. "मी अख्खं कपाट उपसलं होतं याच्यासाठी."

"बघ, फायदाच झाला," हे म्हणाले.

"आता मागं एक आडवं झाकण दिसेल," सुहास म्हणाला. "दोन्ही टोकांना चाप आहेत. ते सोडव आणि आतला फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर ओढ. हळू ओढ, तोंडावर धूळ पडेल. आणि मला दाखव. किती घाण झालाय ते बघायचंय मला."

झाकण निघालं. आत फिल्टरची कड हाताला लागली. अर्ध्यापर्यंत आला आणि अडकला. मी मान तिरकी करून, डोळे मिटून ओढला. निघाला, आणि कसलीतरी मऊ ढेकळं माझ्या तोंडावर, केसांत आणि गळ्यात पडली.

मातीचा वास आला नाही. सुताला लावायच्या खळीचा आला.

मी डोळे उघडले. फिल्टरच्या घड्याघड्यांत सुताची लव इतकी गच्च बसली होती की कागद दिसत नव्हता. गोधडीच्या आतल्या कापसासारखा जाड थर होता. आणि रंग मोरपंखी. मी तो रंग खिडक्यांच्या कडांवरून पुसला आहे, कणकेच्या परातीतून काढला आहे, सुहासच्या कानांतून काढला आहे. लग्न झाल्यापासून मी तोच झाडत आले होते. तो इचलकरंजीतल्या एकाच कारखान्यातून निघतो.

"निघाला का?" सुहासनं विचारलं.

मी मान उचलून दाराबाहेर पाहिलं. हे खुर्चीतून उठले होते. त्यांनी आधी माझ्या हातातल्या फिल्टरकडं पाहिलं, मग सीटवरच्या फोनकडं, मग माझ्याकडं. हात पंपाच्या खिशाकडं गेला, पण पंप त्यांनी काढला नाही. गाडी आतून-बाहेरून रोज पुसणाऱ्या या माणसाला गाडीत फिल्टर असतो हेच ठाऊक नव्हतं. कारखानदाराला कळायला हवं होतं की वाऱ्याच्या वाटेत कचरा साठतोच.

"आई? मला काही दिसत नाहीये. फिल्टर समोर धर."

फोन माझ्या खांद्यापाशी होता. फिल्टर जरा वर उचलला की झालं असतं. सुहास काही वाईट मुलगा नाही. बापाच्या छातीची त्याला काळजी होती, आणि काळजी मलाही होती. फिल्टर दाखवला असता तर संध्याकाळी तो निघाला असता, रात्रीपर्यंत पोचला असता, आणि उद्या आम्ही पुण्याला. यांचं मागांकडं जाणं बंद झालं असतं. हेच बरोबर, असं मला वाटलंही. पण हे माझ्याकडं बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. नको म्हणत नव्हते, दाखव म्हणत नव्हते. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण त्यांनी माझ्याकडं असं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी फिल्टर पोटाशी धरला आणि कोपरानं फोन पालथा पाडला.

"फोन पडला बघ," मी म्हणाले. "निघाला रे फिल्टर. धूळच धूळ आहे. डोंगरावरची तांबडी माती आणि वाळकी पानं."

"पानं? एवढी?"

"झाडाखाली गाडी लावतात ना. जांभळीच्या."

हे मी आपलं सुचेल ते बोलले होते. पण जांभळीचं नाव काढताच यांनी दचकून वर पाहिलं.

"बरं, टाकून दे तो," सुहास म्हणाला. "नवा घाल. त्याच्यावर बाण छापलेला आहे, हवा जायची दिशा. बाण खाली यायला पाहिजे. उलटा घातलास तर उपयोग नाही."

नवा फिल्टर पांढराशुभ्र होता. मी बाण खाली करून तो आत सरकवला, चाप बसवले, कप्पा वर ढकलला. सुहास बोलतच होता.

"आणि आई, एसीच्या शेजारी एक बटन आहे. गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण. बाहेर घाण असली की ते दाबायचं. मग बाहेरची हवा आत येत नाही. बाबांना शिकवून ठेव."

"शिकवते."

"रविवारी येतोच मी."

"ये. पुरणपोळ्या करते," असं म्हणून मी फोन बंद केला.

मग मला उठता येईना. कंबर धरली होती. हे जवळ आले, हात दिला, पण त्यांना ओढता येईना आणि मला उठता येईना. शेवटी मी कशीबशी सरकत दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि ते समोर पोर्चच्या पायरीवर बसले. मधे फरशीवर तो फिल्टर. गॅलरीत फुलाक्का अजून होत्याच, म्हणून मी त्याच्यावर पदर टाकला.

"रामलिंगाच्या डोंगरावर हल्ली माग बसवलेत वाटतं," मी म्हणाले.

यांनी पदराखालच्या फिल्टरकडं बघितलं.

"कुठं लावता गाडी?"

"मागच्या भिंतीला. जांभळीखाली."

"म्हणजे पंख्याच्या तोंडाशी." कारखान्यातला कचरा बाहेर फेकणारा मोठा पंखा त्याच भिंतीत होता.

"सावली तिथंच हाय गं."

"काच उघडी ठेवता?"

"थोडी. न्हाईतर आवाज नीट येत न्हाई."

"आणि करता काय तिथं?"

त्यांनी खाली बघितलं. "झोपतो," म्हणाले.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "मी रात्र रात्र तुमची छाती शेकते. वाफ देते. उशा लावून बसवते. दवाखान्यात तुमच्यासाठी मी हात जोडते. आणि तुम्ही रोज दुपारी तिथं जाऊन तोच कचरा पुन्हा छातीत भरून घेता? मरायचंय तुम्हाला?"

"झोपायचंय," ते म्हणाले.

फुलाक्कांची गॅलरी, पोर्च, लाल गाडी, सगळं मला एकदम नकोसं झालं. मी रडले असते, पण तेवढंही होईना.

"हितं झोप येत न्हाई," ते हळूहळू, श्वास घेत घेत सांगायला लागले. "डोळा लागतो, आणि वाटतं माग थांबलेत. दचकून उठतो. लाइट गेली काय, धागा तुटला काय, कामगार निघून गेला काय. उठून बसल्यावर आठवतं की मागच न्हाईत. मग सकाळपर्यंत तसाच. तिथं गेलो की पाच मिनिटांत लागते."

"मला सांगायचं होतं."

"तू जाऊ दिलं नसतंस."

ते खरंच होतं.

"मला वाटलं, दुसरं कोणी आहे," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पंप काढावा लागला. "ह्या छातीला?" खोकला थांबल्यावर म्हणाले. "जिना चढवत न्हाई मला."

"मग ही गाडी कशाला घेतली? तिथं जायला स्कूटर होती."

"त्या बिल्डरनं चालू करून दाखवली, तेव्हा आत बसलो होतो. उभ्या उभ्या अशी थरथरली. आपल्या जुन्या घरात फरशी थरथरायची ना पायाखाली, तशी. म्हटलं, हिच्यात बसलं की झोप लागंल. दोन शिटा हायत, तूपण बसशील. पण तू बसलीच न्हाईस, आणि चालू गाडीत झोपता येत न्हाई. पेट्रोल किती खाती."

मी फिल्टर उचलला, परसात नेला आणि पालापाचोळ्यात घालून जाळला. मोरपंखी लव भुरुभुरु जळाली. रात्री मी यांची छाती शेकली, उशा लावल्या. आम्ही दोघं पडून राहिलो. फ्रीज सुरू झाला, बंद झाला. कुणीच झोपलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. सुहास रविवारी आला. त्यानं स्वतः कप्पा उघडून नवा फिल्टर पाहिला, त्याच्यावर डाग नव्हता, आणि यांचा खोकला जरा उतरलेला होता. पुण्याचा विषय त्या वेळेपुरता मिटला, आणि पुढंही कधी फार ताणला गेला नाही. यांची छाती बरी झाली नाही, ती होणारच नव्हती. पण दुखणं वाढायचं थांबलं. हे गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, घरी, झोपेत. झोपेत गेले याचं मला फार समाधान आहे. फिल्टर बदलायला मी अशी शिकले, की नंतर सुहासला फोन करावा लागला नाही.

पण फिल्टर जाळला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

जेवणं झाली. हे टेबलाशी तसेच बसून राहिले. गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. मी भांडी विसळली, लुगडं बदललं आणि समोर येऊन उभी राहिले.

"चला. मीपण येते हवा खायला."

त्यांनी वर पाहिलं. "डोंगरावर?"

"डोंगरावर कशाला? तिथं झोप येते का?"

फुलाक्का गॅलरीत होत्याच. मी खाली वाकून, गुडघे धरून, दाराला लोंबकळत त्या दुसऱ्या सीटवर बसले. "जोडीनं कुठं?" त्यांनी वरून विचारलं. "हवा खायला," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांचा तो प्रश्न कायमचा निकालात निघाला.

कारखान्याच्या मागच्या आवारात गाडी वळली तेव्हा इब्राहिमभाई बाहेर बिडी ओढत उभे होते. आमचे जुने जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचे, आता चौगुल्यांकडं तेच करत होते. मला बघून त्यांनी बिडी विझवली.

"वैनी? तुम्हीबी आलासा?"

"तुम्हाला माहीत होतं आणि मला बोलला नाहीत," मी म्हणाले.

"शेठनी शपथ घातली होती," ते म्हणाले. "काय करणार?"

"आता माझी शपथ. पंख्याखाली गाडी लावायची नाही. त्या कोपऱ्यात लावायची, वारा उलटा जातो तिथं."

"तिथं ऊन हाय, वैनी."

"मग सावली करा."

इब्राहिमभाई आत गेले आणि बाद झालेलं कापड घेऊन आले. मोरपंखी चौकड्यांचं. भिंतीच्या खिळ्याला आणि विजेच्या खांबाला बांधून त्यांनी त्याचा मांडव केला. त्याखाली आम्ही गाडी लावली. मी काचा वर करायला लावल्या आणि ते बटन शोधून दाबलं, गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण. गाडी चालूच ठेवायला सांगितली, पेट्रोल जाईना का. एसीतून स्वच्छ, कसलाच वास नसलेली हवा यायला लागली.

"काच बंद केलीस, आता आवाज येणार न्हाई," हे कुरकुरले.

पण आवाज येत होता. थोडा लांबून, पण येत होता. आणि सीटखालून, जमिनीतून, ती थरथर येत होती. आमचा भिंतीकडचा माग जरा लंगडत चालायचा, दोन ठोके सरळ आणि तिसरा ओढल्यासारखा. चौगुल्यांच्या पोरानं तो अजून दुरुस्त केला नव्हता. यांनी सीट मागं टाकली आणि डोळे मिटले. मी ताठ बसले होते. मी लक्ष ठेवायला आले होते. खोकला येतो का, धाप लागते का, ते बघायचं होतं. एकदा जरी खोकले, तरी उद्यापासून बंद, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन ठोके सरळ, तिसरा ओढलेला. यांची छाती वर-खाली होत होती, संथ. मी ती बघत होते. वरचं कापड वाऱ्यानं फुगत होतं. दोन ठोके सरळ.

एकदम दचकून डोळे उघडले. काहीतरी झालं होतं. काय, ते कळेना. मी कुठं आहे तेही कळेना. शेजारी हेही उठून बसलेले होते, डोळे ताणून, कान टवकारून. आवाज थांबला होता. नुसतं गाडीचं इंजिन घुरघुरत होतं.

"लाइट गेली," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं. मांडवाची सावली केव्हाच गाडीवरून सरकून भिंतीवर चढली होती. ऊन कललं होतं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि मान अवघडली होती. चहाची वेळ कधीच टळून गेली होती. हे एकदाही खोकले की नाही, ते मला सांगता आलं नसतं. मी केस सारखे करायला समोरचा आरसा वळवला, तर माझ्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत सीटच्या शिवणीच्या वळ्या उमटल्या होत्या.

हे गालातल्या गालात हसत होते. हात गिअरकडं नेला.

"जायचं घरी?"

"थांबा की जरा," मी म्हणाले. "येईल लाइट."